निशातचे चिनार दुपारनंतरच बघा

दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन श्रीनगरला जायचंय, चिनार लाल झालेले मिळतील का आणि मुघल बागा एका दिवसात होतील का, असं तुम्ही विचारलंय. मी तीनदा हरूदमध्ये तिथे राहून आलोय. हरूद म्हणजे काश्मीरमधला पानगळीचा ऋतू.

आधी तारखांचं. दिवाळी दरवर्षी मागेपुढे सरकते, चिनार मात्र थंडीचं ऐकतो. रात्री गारठू लागल्या की पानातला हिरवा रंग ओसरतो. ऑक्टोबरच्या मध्याला पिवळी झाक येते आणि महिनाअखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तांबड्या रंगाचा खरा भर असतो. दिवाळी लवकर असेल तर सुट्टीचे शेवटचे दिवस धरा.

बागा एका दिवसात 'करू' नका, ही कळकळीची विनंती. गाडीवाले सकाळी निघून दुपारपर्यंत चारही बागा दाखवतात, पण त्यातल्या निशात बागेला हे अजिबात चालत नाही. बागेच्या पाठीशी, पूर्वेला, झबरवानचा डोंगर आहे आणि समोर पश्चिमेला दल सरोवर. त्यामुळे सकाळी ऊन उशिरा उतरतं. पहिल्या खेपेला मी आठ वाजता पोचलो, तर सगळी झाडं तपकिरी, मलूल दिसत होती. तीच झाडं दुसऱ्या दिवशी चार वाजता पाहिली. ऊन तळ्यावरून तिरपं येत होतं आणि पानांतून आरपार जात होतं. तळहाताएवढं एक पान उन्हासमोर धरलं, तर मधल्या शिरेलगत अजून हिरवं होतं, कडेला केशरी आणि टोकांना पार विटकरी. सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो, म्हणून तीनच्या सुमारास आत शिरा.

नूरजहाँचा भाऊ आसफ खान याने १६३३ साली बांधलेल्या या बागेला बारा टप्पे आहेत. आई-बाबांना सगळे चढायला लावू नका. चार-पाच टप्पे चढून मागे वळलं की पाण्याचा पाट, दोन्हीकडचे चिनार आणि खाली दल एका रेषेत दिसतात. तिथेच बसवा त्यांना. ओल्या पानांवर पाय सटकतो, बूट चांगल्या पकडीचे हवेत.

सकाळ नसीम बागेसाठी ठेवा. ती तळ्याच्या पलीकडच्या काठावर, हजरतबल दर्ग्याजवळ आहे, म्हणून तिथे सकाळचं ऊन छान मिळतं. ही बाग अकबराच्या काळातली मानतात. कारंजी नाहीत, टप्पे नाहीत, नुसते जुने, प्रचंड बुंध्यांचे चिनार आणि घोट्यापर्यंत पाचोळा. माझी सर्वात आवडती जागा हीच. आता तो काश्मीर विद्यापीठाचा परिसर आहे, मुलंमुली अभ्यास करत बसलेली असतात, तेव्हा हळू आवाजात फिरा. पानं झाडून ढीग लावणाऱ्या बायका दिसतील. ही पानं जाळून केलेला कोळसा हिवाळ्यात कांगडीत, म्हणजे ऊब घ्यायला जवळ बाळगायच्या शेगडीत, घालतात. फोटो काढायचा तर आधी त्यांना विचारा.

शालिमार जहांगीरने १६१९ मध्ये वसवलं. सपाट असल्याने आई-बाबांना सोपं जाईल, पण वेळ कमी पडला तर मी तेच गाळेन. डोंगरावरच्या परीमहाल बागेत चिनारांसाठी जाऊ नका. तिथून दल वरून दिसतो, तेवढ्यासाठी एखादी संध्याकाळ द्या.

स्वेटर, कानटोपी दुपारीही जवळ असू द्या. ऊन डोंगराआड गेलं की दहा मिनिटांत बोटं गारठतात.