‘काच म्हटल्यावर फुटणारच’ म्हणून गॅलरीला हात झटकता येत नाहीत

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. आर्ट कॉलेज संपून दोन वर्षं झालीत, धायरीला तिघांनी मिळून एक शेड भाड्याने घेतलीय, तिथल्या किल्नमधे, म्हणजे भट्टीत, ही मुलगी काचेची शिल्पं करते. फेब्रुवारीत पुण्यातल्या एका गॅलरीला पाच कामं दिली, विकलं गेलं की चाळीस टक्के गॅलरीचे, सगळं व्हॉट्सॅपवर ठरलं, कागद एकही नाही. दोन कामं विकली गेली त्याचे पैसे अजून आले नाहीत, आणि ८५,००० किंमत लावलेलं सगळ्यात मोठं काम, जे किल्नमधे नुसतं थंड करायलाच नऊ दिवस लागले होते, ते ९ जूनला गॅलरीत फुटलं. गॅलरी म्हणते काच आहे, फुटणारच, आणि तुझं अ‍ॅनिलिंगच, म्हणजे काच हळूहळू थंड करणं, कच्चं राहिलं असणार, ८,००० घे आणि या कागदावर सही कर.

सही अजिबात करू नकोस. तू पाठवलेल्या फोटोत त्या कागदावर ‘फुल अँड फायनल’ लिहिलेलं स्पष्ट दिसतंय, म्हणजे उद्या विकलेल्या दोन कामांचे पैसेही त्यातच आले असं म्हणायला ते मोकळे.

आता मुद्द्याचं. ते काम तू गॅलरीला विकलं नव्हतंस, ठेवायला आणि विकून द्यायला दिलं होतंस. लाँड्रीत शालू दिला म्हणजे तो लाँड्रीवाल्याचा होत नाही ना, तसंच. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टमधे याला बेलमेंट म्हणतात, मराठीत निक्षेप. कलम १५१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलीस तर साधारण शहाणा माणूस तसल्याच, तेवढ्याच किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायलाच हवी. आता बघ, त्यांचं ‘काच फुटणारच’ हे वाक्य त्यांच्यावरच उलटतं, कारण नाजूक आहे हे माहीत होतं म्हणजे जास्तच जपायला हवं होतं. आणि काळजी घेतली होती हे कोर्टात त्यांनी दाखवायचं, स्टँड कसला होता, कोणी हलवलं, त्या दिवशी तिथे कोण होतं, सीसीटीव्ही फुटेज कुठेय.

पण तुझ्या केसमधे याहून जोरदार गोष्ट आहे आणि ती तू पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलीस. प्रदर्शन २० एप्रिलला संपलं. २५ ला तू मेसेज केलास की टेम्पो घेऊन येते, ते म्हणाले अजून थोडे दिवस राहू दे, एक कस्टमर आहे, आणि तू अंगठा पाठवलास. तो अंगठा तुझ्या विरोधात जातो, त्याचा अर्थ तू मुदत वाढवून दिलीस असा निघतो, हे मी लपवणार नाही. मात्र १८ मेला तू परत विचारलंस, ‘उद्या न्यायला येऊ का’, दोन निळ्या टिका आल्या आणि उत्तर नाही, २४ मेला पुन्हा तेच. कलम १६१ म्हणतं की सांभाळणाऱ्याच्या चुकीमुळे वस्तू वेळेवर परत मिळाली नाही तर त्या वेळेपासून पुढच्या नुकसानीला तोच जबाबदार, मग फुटलं कसं, काळजी घेतली होती की नव्हती, हा वाद जवळजवळ बाजूलाच पडतो. म्हणून ते दोन मेसेज आत्ता तुझ्यासाठी सोन्यासारखे आहेत. फोन बदलू नकोस, चॅट डिलीट करू नकोस, एक्स्पोर्ट करून ठेव. कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागतं, ते तुझा वकील बघेल.

अ‍ॅनिलिंगचा आरोप मात्र हलक्यात घेऊ नकोस, कारण वस्तूतच दोष होता असं ठरलं तर केस कमजोर होते. मार लागून फुटलेली काच आणि आतल्या ताणाने तडकलेली काच यात फरक असतो, मार बसला तिथून चिरा फाकतात, तुटलेल्या कडेवरच्या शिंपल्यासारख्या लाटांवरून तडा कुठून सुरू झाला ते कळतं, आणि उरलेल्या तुकड्यांत ताण आहे का ते पोलराइज्ड प्रकाशात बघता येतं, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. कोर्टाला ते एक्स्पर्टकडून सांगावं लागतं, आणि एक्स्पर्टला तुकडे लागतात. किल्नचा तापमानाचा लॉग असेल तर तोही काढून ठेव.

रकमेबद्दल खरं सांगते, पूर्ण ८५,००० मिळतील असं धरून चालू नकोस. विकलं असतं तरी कमिशन जाऊन तुझ्या हातात ५१,००० आले असते, मी तेवढ्यावर ठाम राहीन. विकलेल्या कामांचे पैसे हा वेगळा विषय, तिथे गॅलरी तुझी एजंट आहे, तुझ्या वतीने आलेले पैसे कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २१८ प्रमाणे तुला द्यायलाच हवेत, त्यात फुटण्याबिटण्याचा काही संबंध नाही. नोटिशीत दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहायच्या. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, तू आता केलंस तर या व्यवहाराला उपयोग नाही, पण तरी कर, फुकट आहे, पुढे एखाद्या गॅलरीने काम स्वतःच विकत घेतलं तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मागता येतील.

वकिलाची फी कशी देऊ असं विचारलंस. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि दावा न लावता आधी तडजोडीसाठी अर्जही करता येतो. दावा लावायची मुदत तीन वर्षं आहे, तरी एवढं थांबू नकोस.

आणि हे सगळं नंतर. आज रात्री आधी गॅलरीला हा मेसेज टाक, असाच्या असा: ‘९ जूनला फुटलेल्या माझ्या कामाचे सगळे तुकडे आणि स्टँड आहे तसा ठेवावा, काहीही टाकून देऊ नये. त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. शनिवारी सकाळी ११ वाजता मी फोटो काढून तुकडे आणि माझी उरलेली दोन कामं घेऊन जाईन.’ जाताना शेडमधल्या कुणाला तरी सोबत ने.