शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि अमेरिकेतील विद्यापीठांसाठी अर्ज करणार आहे. शिफारसपत्र प्राचार्यांचे घ्यावे, की रसायनशास्त्राच्या मॅडमचे?
– एक पालक, नौपाडा

उत्तर : मॅडमचेच घ्यावे. पत्राला वजन हुद्द्यामुळे येत नाही. ज्यांनी मुलीला वर्गात रोज पाहिले आहे, त्यांच्याच लेखणीतून ते येते. ‘हुशार, नम्र, मेहनती’ ही विशेषणे जवळपास प्रत्येक पत्रात असतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या लेखी त्यांना फारसा अर्थ उरत नाही. मात्र प्रयोगशाळेत अनुमापनाचे (टायट्रेशनचे) उत्तर तीनदा चुकल्यावर तिने ब्युरेटमधील हवेचा बुडबुडा स्वतः शोधून काढला, असा एखादा खरा प्रसंग मॅडमना आठवत असेल, तर गुणपत्रिकेत न दिसणारी मुलगी त्या एका वाक्यात दिसते. (आपल्याकडे बरीच मुले कॉलेजपेक्षा क्लासमध्येच अधिक वेळ असतात, आणि पत्र मागायच्या वेळी ही अडचण नेमकी उघडी पडते.) मसुदा मुलीने लिहायचा आणि शिक्षकांनी सही करायची, ही पद्धत कृपया टाळावी, त्याऐवजी तिने केलेल्या कामाचे एक टिपण मुदतीच्या किमान महिनाभर आधी मॅडमना द्यावे. ‘कॉमन ॲप’वर (अमेरिकेतील अनेक विद्यापीठांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) पत्र शिक्षक स्वतः अपलोड करतात, आणि ते पाहण्याचा हक्क मुलीने सोडलेला बरा. अमेरिकेतील एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) शिक्षकांची २ पत्रे मागते, एक गणित वा विज्ञानाच्या आणि दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचे. तेव्हा इंग्रजीच्या सरांनाही आताच विचारून ठेवावे.