नव्या माउंटन बाइकचे सस्पेन्शन वजनाप्रमाणे बसवताना

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरउतारावर नवी सायकल नेण्यापूर्वी तिच्या एअर फोर्कमधील (पुढच्या चाकाच्या, हवेच्या दाबावर धक्के झेलणाऱ्या दांड्यातील) हवा आपल्या वजनाप्रमाणे अवश्य बसवून घ्यावी. लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) उघडा ठेवून, हेल्मेट आणि भरलेल्या पाठपिशवीसह सायकलवर बसावे, भिंतीचा आधार घेऊन पेडलवर उभे राहावे, कोणाकडून तरी फोर्कच्या नळीवरील रबरी कडी खालच्या सीलपर्यंत सरकवून घ्यावी आणि धक्का न देता उतरून ती सीलपासून किती वर राहिली ते मोजावे; हाच सॅग, म्हणजे वजनाने फोर्क दबतो ते अंतर. १२० मिलिमीटर दबू शकणाऱ्या फोर्कला २० टक्के, म्हणजे २४ मिलिमीटर सॅग मला सुरुवातीसाठी योग्य वाटतो. हवा शॉक पंपानेच (सस्पेन्शनसाठीच्या खास पंपाने) भरावी, टायरच्या पंपाने कधीही नाही. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, त्यानंतरच पाहावा: गतिरोधक ओलांडल्यावर हँडल उसळत असेल, तर तो फोर्कवरील रिबाउंडची कळ एकेक टिचकी (क्लिक) फिरवून मंद करावा.