‘बारा बोअर’मधील बारा कशाचे?

सोलापुरातील एका वाचकाने शब्दाच्या वापराविषयी प्रश्न विचारला आहे. शिकारीसाठी आणि क्रीडा-नेमबाजीसाठी छर्ऱ्यांची बंदूक, म्हणजे शॉटगन, कशी निवडावी याविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा ते मराठी अनुवाद करीत आहेत. मूळ लेखात १२, १६, २०, २८ असे ‘गेज’ येतात. आपल्याकडे मात्र लोकांच्या तोंडी ‘बारा बोअर’ आहे, आणि वर्तमानपत्रांत ‘सिंगल बोअर’, ‘डबल बोअर’ असेही छापून येते. तेव्हा बोअर आणि गेज एकच आहेत का, हा आकडा नेमका कशाचा, आणि ‘२० गेज ही १२ गेजपेक्षा मोठी बंदूक असल्याने नवशिक्याने १२ पासून सुरुवात करावी’ असे जे वाक्य अनुवादात उतरले आहे ते बरोबर आहे का, अशी त्यांची विचारणा आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. वाक्य नेमके उलटे झाले आहे. २० ची नळी १२ च्या नळीपेक्षा अरुंद असते, आणि मूळ लेखकाला नवशिक्यासाठी बहुधा २० सुचवायची असणार.

ही चूक आपल्या भागात होणे अगदी स्वाभाविक आहे, कारण हे दोन्ही शब्द आपण दुसरीकडून ओळखतो. सोलापूर जिल्ह्यात ‘बोअर’ म्हटले की जमिनीत पाण्यासाठी घेतलेले भोक डोळ्यांसमोर येते, आणि ते साडेचार इंची की साडेसहा इंची हे त्याच्या रुंदीवरून सरळ सांगितले जाते. ‘गेज’ हा शब्द आपल्याकडे रुजला तो रेल्वेमुळे. ब्रॉड गेज म्हणजे दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर, मीटर गेज म्हणजे १००० मिलिमीटर, आणि कुर्डुवाडीवरून जाणारी जुनी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची. या सगळ्या ठिकाणी आकडा वाढला की माप वाढते. त्याच सवयीने वाचणाऱ्याला १२ पेक्षा २० मोठे वाटले, तर त्यात नवल नाही.

छर्ऱ्यांच्या बंदुकीतील आकडा मात्र लांबीचे माप नाहीच. ती एक मोजणी आहे. बंदुकीच्या नळीत नेमकी बसेल अशी शुद्ध शिशाची गोल गोळी ओतायची, आणि तशा किती गोळ्या मिळून एक पौंड, म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम, वजन होते ते मोजायचे. बारा गोळ्या लागल्या तर ती नळी बारा बोअरची, वीस लागल्या तर वीस बोअरची. बारा बोअरची एक गोळी त्यामुळे ३७.८ ग्रॅमची होते आणि नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. वीस बोअरची गोळी २२.७ ग्रॅमची आणि व्यास सुमारे १५.६ मिलिमीटर. ठासणीच्या बंदुकांच्या काळात प्रत्येकजण शिसे वितळवून गोळ्या ओतीत असे, त्यामुळे एका पौंडात किती बार निघतील हा हिशेब सूक्ष्म मोजपट्टीपेक्षा हाताशी असलेला आणि उपयोगाचा होता. तोफांचा हिशेब याच वजनावर चालला, पण उलट दिशेने. ‘बारा पौंडी तोफ’ म्हणजे जिचा गोळा बारा पौंडांचा आहे अशी तोफ, आणि ‘बारा बोअर’ म्हणजे जिची गोळी एका पौंडाचा बारावा भाग आहे अशी बंदूक. दोन्हीकडे बाराच, पण गोळ्याच्या आणि गोळीच्या वजनात १४४ पटींचा फरक.

सोलापूरकराला ही उलटी चाल समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही, कारण आपल्या गावातील मागांवर हाच हिशेब रोज चालतो. सुताचा ‘काउंट’ किंवा ‘नंबर’ ठरतो तो एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात यावर. वीस नंबरच्या सुतात वीस लडी, चाळीसच्या सुतात चाळीस. म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. चादरीच्या धंद्यात वाढलेल्या कोणालाही चाळीसचे सूत वीसच्या सुतापेक्षा जाड वाटणार नाही. बोअरचा आकडा अगदी याच रीतीने वाचायचा: पौंड तोच, त्याचे केलेले भाग जास्त, म्हणून प्रत्येक भाग लहान.

एक बाब मात्र लक्षात ठेवावी, कारण ती अनुवादात महत्त्वाची आहे. नंबर दुप्पट झाला म्हणून गोळीचा व्यास निम्मा होत नाही. गोळीचे वजन तिच्या घनफळावर अवलंबून असते, आणि घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. त्यामुळे व्यास निम्मा व्हायला आकडा आठपट व्हावा लागतो. १२ च्या निम्म्या व्यासाची नळी ९६ बोअरची ठरेल. ४२.४ या संख्येला बोअरच्या आकड्याच्या घनमुळाने भागले की व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १० बोअर १९.७, १६ बोअर १६.८ आणि २८ बोअर १४ मिलिमीटर ही मापे त्यावरूनच येतात. म्हणजे १२ आणि २० या आकड्यांत मोठे अंतर दिसत असले तरी प्रत्यक्ष नळ्यांत तीन मिलिमीटरांचाही फरक नाही. ‘वीस बोअर ही बारा बोअरच्या जवळजवळ निम्मी’ असे कोणी लिहिले, तर ते गोळीच्या वजनाबाबत काहीसे खरे आहे, नळीच्या रुंदीबाबत अजिबात नाही.

या सगळ्या मालिकेला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवलाच पाहिजे. ‘पॉइंट ४१० बोअर’ नावाची जी छर्ऱ्यांची सर्वांत अरुंद परिचित बंदूक आहे, तिच्यातील आकडा गोळ्यांचा नसून व्यासाचाच आहे: ०.४१० इंच, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर. गोळ्यांच्या हिशेबाने ती सुमारे ६७ बोअरची भरते. अमेरिकी बोलण्यात तिला सर्रास ‘४१० गेज’ म्हटले जाते, पण मराठीत तसे उतरवू नये. खरोखर ४१० गेजची नळी केली तर तिचा व्यास ५.७ मिलिमीटरच्या आसपास येईल, आणि तो पॉइंट २२ रायफलच्या जवळ जातो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातील रायफल ५.६ मिलिमीटरची असते. रायफली आणि पिस्तुले यांचे माप असे थेट व्यासाचे असते, आणि त्यासाठी ‘कॅलिबर’ हा शब्द आहे. आपल्याकडे ‘पॉइंट ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर’, ‘पॉइंट ३१५ बोअरची रायफल’ असे बोलतात, तेव्हा तिथले बोअरही व्यासाचेच असते. आकड्यापूर्वी ‘पॉइंट’ आहे की नाही, हीच मराठी वाचकासाठी दोन्हीतील ओळखण्याची खूण आहे. म्हणून ते ‘पॉइंट’ अनुवादात कधीही गळू देऊ नये.

आता बोअर की गेज. दोन्ही शब्द एकाच मोजणीची नावे आहेत. इंग्लंडमध्ये बोअर म्हणतात, अमेरिकेत गेज. आपल्याकडे बंदुकांचे परवाने आणि कायदा इंग्रजी अमलातून आले, म्हणून ‘बारा बोअर’ रुजले, आणि माझ्या मते मराठीत तेच ठेवावे. मूळ लेख अमेरिकी असला तरी पहिल्या उल्लेखापाशी ‘अमेरिकेत यालाच गेज म्हणतात’ असे एक वाक्य पुरेसे आहे. ‘गेज’ टाळण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या बाजारात पत्रा आणि तारही गेजवर मिळते आणि तिथेही आकडा वाढला की माल पातळ होतो, पण ती मालिका पौंडाच्या भागांवरून आलेली नाही. दोन वेगळ्या मोजण्या एकाच शब्दाखाली आल्या की वाचक त्यांचा मेळ घालू पाहतो आणि गोंधळतो.

बोअर ठेवले तरी ते ‘लहान’ किंवा ‘मोठे’ म्हणू नये, हा माझा आग्रह आहे. ‘मोठ्या बोअरची बंदूक’ लिहिले की आकडा मोठा की नळी मोठी, हे वाचकाला कळत नाही. इंग्रजी लेखक या शब्दांचा वापर सैलपणे करतात आणि जाणकार वाचक संदर्भाने समजून घेतो. मराठी वाचकाला तो संदर्भ नसतो. त्याऐवजी ‘रुंद नळी’ आणि ‘अरुंद नळी’ लिहावे आणि आकडा केवळ नावासारखा ठेवावा. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमाचे उदाहरण घेऊ. ट्रॅप आणि स्कीट या, हवेत उडवलेल्या तबकड्या टिपण्याच्या, स्पर्धांत १२ बोअरच्या ‘वर’ जाता येत नाही, असे कोणी शब्दशः उतरवले, तर वाचक २० बोअर बाद समजेल. वस्तुतः १० बोअर बाद असते आणि २० चालते. ‘१२ बोअरपेक्षा रुंद नळीची बंदूक चालत नाही’ असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही.

लेखाचा विषय निवडीचा असल्याने आशयाच्या दोन-तीन जागाही तपासून घ्याव्यात. १२ बोअरच्या काडतुसात सामान्यतः २८ ते ३६ ग्रॅम छर्रे असतात, २० मध्ये २५ ते २८, २८ बोअरमध्ये २१ च्या आसपास, आणि पॉइंट ४१० मध्ये १४ ते १९. बदके आणि रानहंस यांच्यासाठी परदेशात १२ घेतात. माळावरून उठणाऱ्या लहान पक्ष्यांमागे दिवसभर चालायचे असेल तर २० किंवा २८, कारण बंदूक हलकी असते. हलकी बंदूक म्हणजे कमी धक्का, हे मात्र नेहमी खरे नाही: तेवढेच छर्रे हलक्या बंदुकीतून उडवले तर खांद्याला धक्का जास्त बसतो, आणि २० चा धक्का सौम्य असतो तो छर्रे कमी भरल्यामुळे. रुंद नळीतून छर्रे जास्त फाकतात ही समजूतही बरोबर नाही. फैलाव मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळीवर, म्हणजे चोकवर, ठरतो. नळीच्या रुंदीने बदलते ती त्या फैलावातील छर्ऱ्यांची दाटी. म्हणूनच पॉइंट ४१० मुलांच्या हाती देण्याची चाल असली तरी तिने उडते लक्ष्य टिपणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. स्पर्धेत काडतुसातील छर्ऱ्यांवर २४ ग्रॅमची मर्यादा आहे आणि लक्ष्य ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी असते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले ते याच कुळातील स्पर्धेत, १२ बोअरच्या बंदुकीने.

हा आकडा चुकण्याचा धोका भाषेपुरता राहत नाही. २० बोअरचे काडतूस चुकून १२ च्या बंदुकीत घातले तर ते घरातून, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागातून, पुढे घसरून नळीत अडकते, आणि घर रिकामे दिसल्यामुळे मागून १२ चे काडतूस भरून चाप ओढला तर नळी फुटते. यासाठीच २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. अनुवादात तो रंग आला असेल तर तो सजावटीचा तपशील समजून गाळू नये. नळीवर ‘१२/७०’ असे कोरलेले असते, त्यातील ७० हे काडतुसाच्या घराचे मिलिमीटरमधील माप आहे. त्याचा बोअरशी संबंध नाही.

लेखातील शिकारीचा भाग आपल्या वाचकाला लागू होत नाही, हेही अनुवादकाने स्पष्ट लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि शिकारीला बंदी आहे. १९७९ मध्ये झालेले नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथल्या माळावर काळवीट आजही दिसतात. ‘माळावरच्या पक्ष्यांसाठी २० बोअर उत्तम’ हे वाक्य देशाचा उल्लेख न करता सोलापुरात छापले गेले, तर ते चुकीच्या ठिकाणी वाचले जाईल.

राहिले ‘डबल बोअर’. हा प्रयोग रूढ आहे, पण तो चुकीचाच म्हणावा लागतो, कारण तिथे दोन असतात त्या नळ्या, बोअर नव्हे. दोन्ही नळ्या बाराच्याच असतात आणि बंदूक बारा बोअरचीच राहते. यासाठी मराठीत ‘दुनळी’ आणि ‘एकनळी’ हे नेमके शब्द आधीपासून आहेत. ‘बारा बोअरची दुनळी बंदूक’ असे लिहिले की दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बसतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘स्मूथ बोअर’ येते, तिथे बोअर म्हणजे नळीचा आतला पृष्ठभाग. त्याला ‘गुळगुळीत नळीची बंदूक’ म्हणावे. लेखनात ‘बोर’पेक्षा ‘बोअर’ बरे, कारण बोर हे आपल्या जिल्ह्यातले फळ आहे आणि संदर्भ तुटला की वाचक अडखळतो. प्रत्यय ‘बोअर’ला लावावा आणि लिंग-वचन पुढच्या नामाचे घ्यावे: बारा बोअरची बंदूक, बारा बोअरचे काडतूस, बारा बोअरच्या नळ्या.

या सगळ्यावरून वाचकाचे वाक्य असे होईल: ‘२० बोअरची नळी १२ बोअरपेक्षा अरुंद असते आणि तिच्या काडतुसात छर्रेही कमी असतात, त्यामुळे धक्का सहन करायला शिकेपर्यंत नवशिक्याने २० बोअरच्या, फार हलक्या नसलेल्या बंदुकीने सुरुवात करावी.’