मेम्फिसचा जूकिन नाच शिकायचाय? मग बुटाच्या टोकावर नंतर, आधी चालणं

प्रश्न: नमस्कार दादा, मी सोलापूरचा, सेकंड इयरला आहे. लिल बक या जूकिन नाचणाऱ्याचा व्हिडिओ पाहिला, तो चेलोवाल्या यो-यो मा सोबतचा, बुटाच्या टोकावर उभा राहून असा फिरतो ना की बघतच राहिलो. इथल्या क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले हिपहॉपच आहे, आमच्या फ्रीस्टाइल बॅचमध्ये येऊन जाईल. खरंच येईल का? आणि आपल्याकडच्या पोराने हे केलं तर तिकडच्या लोकांना खटकेल का?

उत्तर: नाही येणार, स्पष्टच सांगतो. हिपहॉपच्या मोठ्या गोतावळ्यात जूकिनला धरतात हे बरोबर, पण जूकिन हे एका शहराचं आहे, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस, मिसिसिपी नदीकाठचं, आणि ते घडवलं तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या पोरांनी. न्यूयॉर्कचं ब्रेकिंग किंवा कॅलिफोर्नियाचं पॉपिंग येत असलं तरी जूकिन आपोआप येत नाही कारण त्याचा पायाच वेगळा, गँगस्टा वॉक.

हा वॉक १९८०च्या दशकातला. मेम्फिसच्या क्लबमध्ये, स्केटिंग रिंकमध्ये पोरं घोळक्याने एकत्र फिरत, गुडघ्यात लवचिक, प्रत्येक ठोक्यावर अंग खाली दाबत, अशी ती दमदार चाल. क्रिस्टल पॅलेस नावाचं रिंक होतं, जुन्या जूकर्सच्या बोलण्यात ते नाव सारखं येतं, लिल बकसुद्धा तिथलाच. पुढे ही चाल हळूहळू गुळगुळीत होत गेली, त्यात घसरणं आलं, घोटा फिरवणं आलं, हातांच्या लाटा आल्या, आणि मग ते टोकावर उभं राहणं. म्हणजे तू जे पाहून वेडा झालास ते सगळ्यात शेवटी आलंय आणि तू तिथूनच सुरुवात करायला निघालायस. लोकांना वाटतं टोकावर उभं राहणं बॅलेतून घेतलं, तसं नाहीये, मेम्फिसची पोरं साध्या स्नीकर्समध्ये ते करतच होती, लिल बक नंतर बॅले शिकला तो त्याच गोष्टीला ताकद यावी म्हणून. तो व्हिडिओ २०११चा, आणि त्याच्या मागे रिंकमधली, पार्किंगमधली कितीतरी वर्षं आहेत हे डोक्यात ठेव.

आता करायचं काय. पहिले काही आठवडे फक्त गाणी ऐक, मेम्फिसचं जुनं रॅप, डीजे स्पॅनिश फ्लाय, डीजे स्क्वीकी, सुरुवातीचं थ्री सिक्स माफिया. शब्द बरेचदा रांगडे आहेत, घरी स्पीकरवर लावू नकोस, हेडफोन घाल. स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कडक ठोका, कुठे पडतो ते आधी कानाने पकड आणि त्यावर गुडघे सैल ठेवून नुसतं चाल, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू मिरवणुकीत नाचला असशीलच, ताशावर आधी पाऊल बसतं मग हात सुटतात, तेच इथे. चाल अंगात बसली नाही आणि वरून ट्रिक्स लावल्या तर मेम्फिसच्या माणसाला दोन सेकंदात कळतं की हा नुसता व्हिडिओ पाठ करून आलाय.

मग ग्लाइड. एका पायाची टाच उचल, सगळं वजन त्याच पायाच्या चवड्यावर दे, दुसरा पाय जमिनीला सपाट लावून सरकव, आणि सरकवून झालं की अदलाबदल, सपाट होता त्याची टाच वर. सगळा खेळ या अदलाबदलीत आहे, वजन अर्धं इकडे अर्धं तिकडे राहिलं की पाय अडखळतो. घरातल्या फरशीवर मोजे घालून कर, गच्चीवरच्या खरबरीत कोब्यावर अजिबात नको, तिथे पाय सरकत नाही आणि झटका गुडघ्याला बसतो.

खटकण्याबद्दल विचारलंस ते मला फार आवडलं. शिकणं कुणाला खटकत नाही, मेम्फिसचे कितीतरी जूकर्स स्वतः ऑनलाइन शिकवतात, थोडे पैसे साठव आणि त्यांच्याकडूनच शिक, पैसाही जिथला नाच आहे तिथेच जाऊ दे. खटकतं ते नाव गाळणं. रील टाकलीस की मेम्फिस जूकिन असं लिही, ज्याच्याकडून स्टेप घेतली त्याचं नाव लिही, कॉम्पिटिशनमध्ये निवेदकाला सांग की फ्रीस्टाइल म्हणू नका. आणि तोंडावर गँगस्टरगिरी आणायची काही गरज नाही, तिथल्या पोरांनी आपल्या वस्तीतलं जगणं अंगातून सांगितलं, तू तुझं सांग, सोलापूरच्या पोराकडेही सांगायला भरपूर आहे.

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, तिनेही हेच वेड घेतलंय, दिवसभर बुटाच्या टोकावर उभी. पाय बिघडतील का? (एक आई, ठाणे)

उत्तर: ताई, नाच बंद करू नका, टोकावर उभं राहणं मात्र सध्या थांबवा. वाढीचं वय आहे, आधी घोट्यात आणि पोटरीत ताकद हवी, रोज भिंतीला हात लावून टाचा वर-खाली करणं आणि एका पायावर तोल सांभाळणं, एवढं नेटाने करू द्या. ग्लाइड, वॉक, हातांच्या लाटा यात तिचं वर्ष सहज जाईल. बोटं किंवा घोटा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि धावायचे मऊ, जाळीचे बूट यासाठी नकोत, पुढचा भाग कडक असलेले स्नीकर्स घ्या, मापाला बरोब्बर, वाढत्या मापाचे अजिबात नाही.