सकाळी गाडी सुरू करताना निळसर धूर येतो, इंजिन खोलावंच लागेल का?

तुमची गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक. कळव्याला सोसायटीत रात्रभर उभी असते, सकाळी सेल्फ मारला की सायलेन्सरमधून निळसर लोट निघतो आणि मिनिटभरात नाहीसा होतो. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनकाम काढावं लागेल, आणि तुम्ही गाडी विकायच्या विचारात आहात. माझं वागळे इस्टेटला गॅरेज आहे, अशा गाड्या आमच्याकडे सतत येतात. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझा संशय रिंगांवर नाही, व्हॉल्व्ह सीलवर आहे. या दोन कामांच्या खर्चात फार मोठा फरक पडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंजिनातल्या झडपेच्या, दांडीवर एक छोटं रबरी सील असतं. हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं, ऑइल खाली सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून ते बसवलेलं असतं. पंधरा वर्षं इंजिनची उष्णता खाऊन ते रबर कडक होतं, त्याची पकड सुटते. मग गाडी रात्रभर उभी राहिली की दांडीवरून थेंब थेंब ऑइल खाली झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला तेवढंच ऑइल जळतं आणि ते संपलं की धूर थांबतो. रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेले असते तर धूर मिनिटभराने गेला नसता. पिकअप घेताना, चढावर, माणसं भरून चालताना तो मागच्या गाडीवाल्याला दिसत राहिला असता.

खात्री करायला येऊरचा रस्ता चांगला आहे. इंजिन नीट गरम झाल्यावर वरून उपवनकडे उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा आणि उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबा. मागून दुसऱ्या गाडीतून कोणीतरी बघत असलं पाहिजे. पाय काढलेला असताना इंजिनच्या आत ओढ जोरात असते, ती सैल सीलमधून ऑइल खेचते. दाबल्याबरोबर निळा भपका आला तर दोष सीलचा किंवा व्हॉल्व्ह गाइडचा (दांडी ज्या नळीत सरकते ती). याउलट चढतानाच सारखा धूर असेल तर तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर असू शकतं. घोडबंदरला गायमुखच्या उतारावर हा प्रयोग करू नका, तिथे ट्रकांच्या गर्दीत ना तुम्हाला जमेल ना मागच्याला काही दिसेल.

मुळात धूर निळाच आहे ना, हेही बघून घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गार सायलेन्सरमध्ये त्याची वाफ पांढरी दिसते, नळीच्या टोकाला पाणी टपकतं, आणि त्यात काळजीचं काही नाही. गाडीला सीएनजी किट असेल तर ही वाफ आणखी जास्त असते. निळ्या धुराला जळक्या तेलाचा उग्र वास येतो. पांढरा धूर गरम झाल्यावरही जात नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा (हेड आणि खालच्या ब्लॉकमधल्या पॅकिंगचा) प्रश्न आहे. अशी गाडी चालवत राहू नका. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला म्हणजे गॅस्केट गेलंच असं मात्र नाही. आपल्या दमट हवेत, रोज फक्त स्टेशनपर्यंत जाणाऱ्या गाडीत तो नुसत्या ओलाव्यानेही धरतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर, इंजेक्टर, सेन्सर बघायचे, तो वेगळा विषय.

पुढचं पाऊल डिपस्टिकचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीचं. गाडी सपाटीवर, इंजिन गार, आठवड्यातून एकदा पातळी बघा आणि किलोमीटरसकट लिहून ठेवा. ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर आधी ते कमी करा, जास्त ऑइलनेही धूर येतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी छोटी झडप) तुंबला असेल तरी येतो, आणि तो बदलणं स्वस्तातलं काम आहे. ते आधी.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या खाली नसावा. जिथे कमी येईल तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही तपासणी न करता कोणी इंजिन उतरवायचं म्हणत असेल तर गाडी तिथून घेऊन या.

पीयूसी पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तेही इंजिन गरम असताना. सकाळचा भपका तिथे दिसतच नाही. घट्ट ऑइल घालून धूर दाबण्याचा सल्लाही मिळेल. विकण्याआधी तसं करणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणं आहे. स्वतः वापरायची असेल तर सकाळी ते जाड ऑइल वर पोचायला वेळ लागतो आणि झीज वाढते. आणि जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब करतं, म्हणून हे काम वर्षानुवर्षं लांबवू नका.

रिपासिंग (पंधरा वर्षांनंतरची आरटीओची फेरनोंदणी) झालेलं असेल, कॉम्प्रेशन चांगलं असेल आणि पत्रा गंजलेला नसेल, तर मी गाडी विकणार नाही, सील बदलेन. बऱ्याच इंजिनांत प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरतात आणि हेड न उतरवता सील बदलतात. तुमच्या इंजिनात ते जमतं का, हे आधी विचारा. सील काढल्यावर व्हॉल्व्ह हाताने हलवून गाइडमध्ये किती ढिलाई आहे तेही बघायला सांगा, कारण झिजलेल्या गाइडवर नवीन सील फार दिवस टिकत नाही.