वाचकांचे प्रश्न : लाल डगला, अस्वलाची टोपी आणि बँडचा ठेका

मागील अंकात लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यासमोर पहारा बदलतानाचे छायाचित्र छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तिघांना येथे उत्तर देत आहोत.

प्रश्न : छायाचित्रातील शिपायांनी लोकरीचा लाल डगला आणि डोळ्यांपर्यंत येणारी केसाळ टोपी घातली आहे. आमच्याकडे मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. या शिपायांना हा पोशाख सोसतो कसा, आणि तो असा का? (एक वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : सोसतोच असे नाही. जून २०२३ मध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम सुरू असताना लंडनमध्ये पारा तीस अंशांवर गेला आणि काही शिपाई उभ्या जागी कोसळले. आपल्याकडे तीस अंश म्हणजे सुखद दिवस, हे खरे. परंतु अंगात जाड लोकर, डोक्यावर सुमारे १८ इंच उंचीची टोपी आणि तासन्‌तास न हलता उभे राहायचे, अशा वेळी तेवढेही ऊन पुरते.

टोपीची कथा नेपोलियनपर्यंत जाते. हातगोळे फेकणाऱ्या सैनिकांना ग्रेनेडियर म्हणत आणि गोळा फेकताना रुंद काठाची टोपी आड येई, म्हणून त्यांच्याकडे बिनकाठाच्या उंच टोप्या आल्या. उंचीमुळे शत्रूला माणूस धिप्पाड भासे, हा आणखी एक लाभ. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनच्या शाही रक्षकदलाला मागे रेटल्याचा मान म्हणून इंग्रजांच्या पहिल्या पायदळ रक्षक पलटणीला ग्रेनेडियर हे नाव मिळाले आणि तिच्या सर्व शिपायांना अस्वलाच्या कातड्याची टोपी देण्यात आली. पुढे ती इतर रक्षक पलटणींनीही घेतली. ही कातडी कॅनडातील काळ्या अस्वलांची असतात आणि एका टोपीला किमान एक कातडे लागते. मोहफुले वेचताना अस्वलाची धास्ती घेणाऱ्या आपल्या भागातही अस्वल मारून टोपी शिवावी, असे कोणी म्हणणार नाही. कृत्रिम केसांचा पर्याय आता स्वीकारला जावा, असे आम्हांस मनापासून वाटते.

लाल रंगावर रक्त दिसत नाही म्हणून तो निवडला, ही समजूत मात्र चुकीची आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४५ मध्ये उभारलेल्या फौजेने लाल डगला घेतला, तो मुख्यतः आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातील एका वनस्पतीच्या मुळांपासून निघणारा हा रंग स्वस्त होता म्हणून. बंदुकांच्या दारूच्या धुरात आपला कोण आणि परका कोण हे ओळखायलाही तो उपयोगी पडे. लांबवर अचूक मारा करणाऱ्या बंदुका आल्यावर तोच रंग जिवावर बेतू लागला आणि शेवटी रणांगणावर खाकी आली. तिचा आरंभ १८४० च्या दशकात हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील गाइड्स पलटणीत झाला. ‘खाक’ म्हणजे धूळ. लाल डगला पुढे समारंभापुरता उरला, तरी तो घालणारे शिपाई नुसते शोभेचे नाहीत. त्यांच्या पलटणी प्रत्यक्ष युद्धावरही जातात.

प्रश्न : छायाचित्रात सर्वांचा पोशाख सारखाच दिसतो. पलटण ओळखायची कशी? तशी रक्षक पलटण आपल्याकडे आहे काय? (एन.सी.सी.चा विद्यार्थी, काटोल, जि. नागपूर)

उत्तर : छातीवरची बटणे पाहावीत. ग्रेनेडियर पलटणीची बटणे एकेक सुटी असतात, कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोडीने, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशची चार-चार आणि वेल्शची पाच-पाच. टोपीवरचा तुराही वेगळा असतो. स्कॉट्सच्या टोपीवर तो मुळीच नसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या भारतीय पलटणीचे केंद्र कामठीला आहे. जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये ती उभी राहिली, आणि इंग्रजी अमदानीत जातीजमातीवार पलटणी बांधण्याची जी रीत होती ती मोडून तिच्यात देशाच्या सर्व भागांतील व सर्व समाजांतील जवान एकत्र घेण्यात आले. १९७१ च्या युद्धात गंगासागर येथे लढताना वीरमरण पावलेले परमवीरचक्र विजेते लान्स नायक अल्बर्ट एक्का याच पलटणीचे.

प्रश्न : मी लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. आमचा लाल डगला, खांद्यावरच्या झालरी आणि सोनेरी पट्ट्या छायाचित्राशी जुळतात, हे पाहून नवल वाटले. हे आमच्याकडे कोठून आले? शिवाय २६ जानेवारीला शाळेच्या संचलनात वाजवतो तेव्हा मुलांचे पाऊल चुकते. त्यावर उपाय सांगावा. (एक वादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या पत्राने आम्हांस फार आनंद झाला. इंग्रजांच्या छावण्यांतून आणि संस्थानिकांच्या दरबारांतून विलायती पद्धतीचे बँड उभे राहिले आणि तेथून ती वाद्ये व तो पोशाख वरातीत उतरला. पेटीत डांबरगोळ्या घालून आपण जो डगला जपता, त्यावरच्या सोनेरी पट्ट्यांना एकेकाळी काम होते: लढाईत सेनापतीचा हुकूम ढोलाच्या ठोक्यांनी पलटणीला कळे, म्हणून ढोलवाला गर्दीत चटकन दिसावा लागे. लंडनच्या रक्षक पलटणींतील ढोलवादकांच्या डगल्यावर आजही निळी फुले विणलेल्या पांढऱ्या पट्ट्या असतात.

परंतु आपण केवळ इंग्रजांची नक्कल करीत आहात, असे समजू नये. मोठा ढोल आणि झांज ही वाद्ये युरोपच्या फौजांनी अठराव्या शतकात तुर्की सुलतानाच्या जानिसारी सैन्याकडून उचलली. घोड्यावरची नगाऱ्यांची जोडीही पूर्वेकडून तिकडे गेली. लंडनच्या घोडदळाच्या बँडमध्ये चांदीचे दोन नगारे घोड्याच्या दोन बाजूंना असतात आणि वादकाचे दोन्ही हात टिपऱ्यांत गुंतलेले असल्याने लगाम त्याच्या पायांना जोडलेला असतो.

आता मुलांच्या पावलांविषयी. रक्षक पलटणींच्या जलद चालीत मिनिटाला ११६ पावले पडतात. मनगटावरच्या घड्याळात पाहिल्यास पंधरा सेकंदांत २९. वरातीत रमतगमत वाजवायची सवय झालेला हात आरंभी मागे पडतो आणि मग चुकले हे कळताच एकदम धावतो, तेथेच पाऊल मोडते. लहान मुलांसाठी वेग थोडा कमी ठेवावा, पण एकदा धरला की शेवटपर्यंत तोच असू द्यावा. जोराचा ठोका नेहमी डाव्या पावलावर पडू द्यावा. सरावाच्या पहिल्या दिवशी ताशा आणि पिपाणी बाजूला ठेवून केवळ आपल्या ढोलावर मुलांना मैदानाला दोन फेऱ्या मारू द्याव्यात.